आधी गाव सांगा

जगन्नाथ मेहेर चिडले की उजव्या पायातली चप्पल काढून टेबलावर, संगणकाच्या पडद्यासमोर ठेवायचे. मारायला नव्हे, नुसती त्याला दिसावी म्हणून. टाच आपल्याकडे, अंगठा पडद्याकडे, आणि मग पडद्याला म्हणायचे, "आता बोल." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा नोकरीला लागून अर्धा तास झाला होता. वाटलं, पर्स उचलावी आणि सरळ घर गाठावं. तिसऱ्या आठवड्यात माझीही चप्पल टेबलावर होती. फरक एवढाच की माझी मेहेरांच्या दिशेने होती.

ही दोन हजार दोन-तीनची गोष्ट. वसई रोडला, पश्चिमेला, एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. खालून दात कोरायच्या यंत्राची घरघर यायची आणि वरून मेहेरांचा आवाज. शाळा, वाचनालयं, सोसायट्या यांना मराठीत याद्या करून द्यायच्या, हा आमचा धंदा. मालक पाटकरसाहेब गिऱ्हाईक आणायचे, मी नावं भरायची आणि बारीकसारीक प्रोग्राम लिहायची, आणि खरं डोकं चालवायचे ते मेहेर. वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्न नाही, शर्टाचं वरचं बटण बारा महिने लावलेलं. सगळं सी भाषेत लिहायचे. दुसऱ्या भाषेचं नाव काढलं की चप्पल.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. बायोडेटा न वाचता पालथा घातला आणि विचारलं, "गाव कोणतं?"

"वसईच. बसडेपोच्या मागे राहतो आम्ही."

"राहता कुठे ते नाही विचारलं. गाव."

"कराडजवळ आहे."

"हां. आता बोला."

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. कुरिअरवाल्याला, वीजमीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्याला, दारावर अगरबत्त्या विकायला येणाऱ्याला. आमचा आणि दवाखान्याचा फोन नंबर एका आकड्याने वेगळा होता. दाढ ठणकत असलेला माणूस कळवळून म्हणायचा, "डॉक्टर, फार दुखतंय हो," आणि मेहेर शांतपणे म्हणायचे, "आधी गाव सांगा." बिचारे सांगायचेही. वर तालुकासुद्धा सांगायचे.

एकदा मी उलट विचारलं, "मेहेर, तुमचं गाव कोणतं हो?"

"नालासोपारा. ईस्ट."

"ते राहण्याचं झालं. गाव?"

चप्पल निघाली. माझ्या डोक्यात राग गेला. जगाची गावं विचारत फिरायचं आणि आपलं विचारलं की तोंड फिरवायचं, हा कुठला न्याय? आडनावावरून किनाऱ्याकडचे असावेत हे कळत होतं. पण हा गृहस्थ डब्यात रोज बटाट्याची भाजी आणायचा. मासळीचं नाव काढलं की खिडकी उघडायचा.

गावाचं हे वेड कुठून आलं ते कळायला थोडा सी शिकावा लागला. घाबरू नका, फार सांगणार नाही. या भाषेत एक एवढीशी विचारणा असते, तिला आम्ही 'इस्वाल्फा' म्हणायचो. तिला एक चिन्ह द्यायचं आणि विचारायचं, हे अक्षर आहे का? ती 'हो' किंवा 'नाही' सांगते, कारण सांगत नाही. तिच्या बहिणीही आहेत. एक आकडा ओळखते, एक मोकळी जागा, एक विरामचिन्ह. इंग्रजी चिन्ह छोट्या घरात मावतं, आपल्या देवनागरीला रुंद घर लागतं, म्हणून रुंद चिन्हांसाठीच्या या बहिणी वेगळ्या. पण त्यांना काही विचारण्याआधी प्रोग्रामला सांगावं लागतं, बाबा रे, तू अमुक मुलखात आहेस. ते सांगायचं राहिलं तर इंग्रजी सोडून जगातल्या कुणालाही ती अक्षर मानत नाही. ती एक ओळ विसरून मी पहिल्याच महिन्यात एका वाचनालयाचे सगळे सभासद उडवले होते.

"गाव न सांगता दारात उभ्या राहिलात," मेहेर कडाडले, "हाकलणारच ती!"

त्यांनी माणसांनाही हेच वर्ग लावले होते. पाटकरसाहेब म्हणजे 'स्पेस', जागा व्यापतात आणि आत काही नाही. पाटकरसाहेबांच्या मिसेस 'कंट्रोल', दिसत नाहीत पण सगळं त्यांच्याच सांगण्यावरून हलतं. आणि मी 'पंक्ट', म्हणजे विरामचिन्ह. "कदम, तुम्हाला स्वतःचं काही म्हणायचं नसतं, पण दुसऱ्याचं वाक्य कुठे तोडायचं ते अचूक कळतं." हे त्यांनी पाटकरसाहेबांसमोर सांगितलं आणि पाटकरसाहेब हसले, स्वतः स्पेस असूनही. त्या दिवशी मी घरी जाऊन आईशी विनाकारण भांडले. आजही आठवलं की माझे कान गरम होतात.

मेहेरांचा सगळ्यात मोठा राग आमच्या मशीनवरच्या इस्वाल्फावर होता. एका दुपारी त्यांनी तिला देवनागरीतलं एकेक चिन्ह विचारलं. क? हो. ख? हो. काना? नाही. वेलांटी? नाही. मात्रा, उकार, सगळ्यांना नाही, आणि वर त्यांची रवानगी विरामचिन्हांत. मग त्यांनी देवनागरी आकडे विचारले. ती म्हणाली, हो, ही अक्षरं आहेत.

त्या दिवशी दोन्ही चपला टेबलावर आल्या. "आकडा चालतो! काना चालत नाही! कोणी ठरवलं हे? कुठे बसून ठरवलं?" खाली दवाखान्यातलं यंत्र बंद झालं. डॉक्टर स्वतः वर आले आणि म्हणाले, पेशंट उठून पळाला. मेहेरांनी त्यांनाही काना-मात्रेचं समजावून सांगितलं. मग कुठलं चिन्ह अक्षर आणि कुठलं नाही, याची यादी परदेशात बसून जे करतात त्यांना त्यांनी ईमेल लिहिली. पहिल्याच ओळीत त्यांचं गाव विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच एक वर्ग तयार केला. त्या व्यवस्थेत तशी सोय असते, आपल्या मुलखाच्या फायलीत आपला वर्ग लिहायचा आणि त्याला आपण ठेवू ते नाव द्यायचं. मेहेरांनी त्याला नाव दिलं 'आपले'. त्यात सगळी अक्षरं आणि सगळे काने, मात्रा, वेलांट्या घातल्या. त्या दिवसापासून आमचे प्रोग्राम 'अक्षर आहे का' असं न विचारता 'आपल्यातलं आहे का' असं विचारू लागले. फक्त मी जुन्या सवयीने इस्वाल्फाच वापरायची, कारण मेहेरांनी सांगितलेलं ऐकणं मला कमीपणाचं वाटायचं.

मग पाटकरसाहेबांनी अर्नाळ्याचं काम आणलं.

किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायकांच्या एका सोसायटीला ओळखपत्रं करायची होती. बोंबील वाळत घालायला वाळूत बांबू रोवून दोऱ्या बांधतात, त्याला वलांडी म्हणतात. कुणाची वलांडी कुठे, यावरून वर्षानुवर्षं भांडणं चाललेली. आता नवी यादी होणार होती, आणि यादीत असेल तिलाच कार्ड आणि तिलाच जागा.

मेहेरांनी रजिस्टरला हातही लावला नाही. "अर्नाळ्याचं तुम्ही करा. मी करणार नाही." का, ते सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, बरंच झालं, एक काम तरी यांच्या ओरडण्याशिवाय होईल.

रजिस्टर जुनं होतं. बहुतेक बायकांची नावं होती, पण चाळीस जणींच्या नावाच्या रकान्यात नाव नव्हतं, नुसती निशाणी काढलेली होती. एकीचा त्रिशूळ, एकीचे दोन गोल, एकीची होडी. ही त्यांच्या घराची खूण, वलांडीच्या बांबूवर कोरलेली आणि टोपलीच्या काठाला रंगवलेली, माझे बोंबील तुझ्यात जाऊ नयेत म्हणून. जुन्या कारकुनाला तेवढं पुरलं होतं. एकाच आडनावाच्या सात हिराबाई असतील तर नाव लिहून तरी काय कळणार?

हे मला आज कळतं. तेव्हा मला की-बोर्डावर त्रिशूळ सापडला नाही, म्हणून मी सगळ्यांच्या नावाच्या जागी तारा टाइप केला. चाळीस जणींना चाळीस तारे. माझा प्रोग्राम नावाचं फक्त पहिलं चिन्ह तपासायचा; त्याने तारा पाहिला, इस्वाल्फाला विचारलं, ती 'नाही' म्हणाली, आणि चाळीसच्या चाळीस जणी 'रद्द' नावाच्या फायलीत जाऊन पडल्या. मी ती फाईल छापून टेबलावर ठेवली आणि जेवायला बसले.

मेहेर पाणी प्यायला उठले आणि तो कागद त्यांच्या नजरेस पडला. मी चपलेची वाट बघत होते. चप्पल निघाली नाही. ते कागद हातात धरून उभे राहिले आणि अगदी हळू बोलले.

"चाळीस जणींना एकच तारा?"

"मग काय करू? नावच नाही त्यांना. रिकाम्या जागेला कार्ड देऊ?"

"रिकामी नाहीये ती जागा. तुम्हाला वाचता येत नाही."

"मला वाचता येत नाही? मी एम.एस्सी. आहे, मेहेर."

"त्याचंच तर वाईट वाटतं," ते म्हणाले.

मी डबा आपटून बंद केला आणि पाटकरसाहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, चाळीस राहिल्या तर काय आभाळ कोसळतंय? रविवारी कार्यक्रम आहे, पाहुणे ठरलेत, मांडव ठरलाय. राहिल्या त्यांचं पुढच्या वर्षी बघू. मेहेर दारात उभे होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्याचे बांबू असतील."

"अहो, कोण बघतंय मेहेर?"

"मी बघतोय."

"मग 'अंगठा' लिहून टाका सगळ्यांपुढे. विषय संपला."

आता मात्र दोन्ही चपला निघाल्या, आणि त्या मालकाच्या टेबलावर, त्यांच्या तोंडासमोर ठेवल्या गेल्या. मी मेहेरांचा राग रोज पाहत होते. हा वेगळा होता, यात आवाजच नव्हता. पाटकरसाहेबांनी खुर्ची मागे घेतली आणि म्हणाले, "करा काय करायचं ते. रविवारच्या आत करा."

पाच दिवस मेहेर जागचे हलले नाहीत. त्यांनी रजिस्टरातल्या चाळीस निशाण्या एकेक करून पडद्यावर काढल्या, काढणारीचा हात जिथे थरथरला होता तिथल्या थरथरीसकट. जगभरच्या चिन्हांच्या यादीत काही घरं मुद्दाम रिकामी ठेवलेली असतात, ज्याला जे हवं ते त्याने तिथे ठेवावं. तिथे त्यांनी एकेक निशाणी बसवली. मग ती सगळी घरं 'आपले' या वर्गात घातली. मी ताऱ्यांच्या जागी निशाण्या भरायला घेतल्या, धुमसत, एक शब्द न बोलता.

शुक्रवारी मी त्यांची फाईल तपासली. खरं सांगते, चूक काढायलाच तपासली. आणि सापडली. रजिस्टरात निशाण्या चाळीस होत्या, मेहेरांच्या फायलीत एकेचाळीस. सगळ्यात पहिल्या घरात एक अशी होती जी रजिस्टरात कुठेच नव्हती. वर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली लोंबणाऱ्या तीन तिरक्या रेघा. दोरीवर टांगलेले तीन बोंबील म्हणा हवं तर.

मी विजयी वीरासारखी त्यांच्या टेबलापाशी गेले. "मेहेर, एक जास्त आहे. पहिलीच. कुणाची ही? कुठल्या बाईची नाही. चूक आहे."

"चूक नाही."

"मग रजिस्टरात दाखवा."

"नाही दाखवता येणार. ती बाई गेली. तिच्यामागे त्या घरात ही निशाणी लावणारं कुणी राहिलं नाही." ते पडद्याकडे बघत बोलत होते. "आठवीत होतो. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायची होती. आईने तिची निशानी काढून दिली, शाईने, एवढी मोठी. वर्गात सगळ्यांच्या बापांच्या इंग्रजीत सह्या. मी वाटेत बसून ब्लेडने ती खरवडून काढली आणि तिच्या नावाने वळणदार सही ठोकली. गुरुजी म्हणाले, वा, तुझ्या आईचं अक्षर छान आहे."

'निशानी' म्हणाले ते. इतक्या महिन्यांत मेहेरांच्या तोंडी तो 'न' मी पहिल्यांदा ऐकला.

"आईला कळलं?"

"कागदाला भोक पडलं होतं. तिने बोट घालून बघितलं. म्हनली, तुला लाज वाटतं तर नको लावू बाबा. मग तिने माझ्या कशावरच ती काढली नाही. मी पुढे शिकायला बाहेर पडलो. ट्रंकेवर सगळ्यांच्या घरच्या निशान्या असतात. माझी कोरी होती."

खाली दवाखान्यातलं यंत्र सुरू झालं. दुसऱ्याचं वाक्य कुठे तोडायचं ते पहिल्यांदाच मला कळलं नाही.

"काढून टाकायची तर टाका," ते म्हणाले. "यादीत तशी नोंद नाहीच. ती निशानी आपली आहे का, असं कुणी विचारणार नाही."

मी काढली नाही. जागेवर येऊन चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. आधी गाव सांगितलं. मग ते पहिलं घर पुढे करून विचारलं, आपल्यातली आहे का? उत्तर आलं, हो. मला स्वतःचा इतका संताप आला की तो शब्द मला नीट दिसेना. चाळीस बायकांना तारे लावताना माझा हात एकदाही अडखळला नव्हता.

रविवारी कार्डांचा खोका घेऊन मी अर्नाळ्याला निघाले, तर विरारच्या एसटी स्टँडवर मेहेर उभे. वरचं बटण लावलेलं. "खोका जड असेल," एवढंच म्हणाले. गाडीत त्यांनी कंडक्टरला गाव विचारलं नाही.

किनाऱ्यावर मांडव होता, पाहुण्यांचं भाषण होतं, ते कुणी ऐकत नव्हतं. कार्डं वाटायला लागलो. निशाणीवाल्या बायका कार्ड हातात घेऊन आधी स्वतःची निशाणी बघायच्या, मग शेजारणीची, आणि मग मोठ्याने एकमेकींच्या वाचायच्या. एकही चुकली नाही. सगळ्यांत वाचता न येणारी मी एकटीच होते.

मेहेर मांडवाबाहेर, वलांडीच्या सावलीत उभे होते. एक म्हातारी आपलं कार्ड पदराच्या गाठीत बांधत त्यांच्यापाशी थांबली. डोळ्यावर हात धरून तिने त्यांना खालून वर पाहिलं.

"कंच्या गावचा रं तू?"

मला आता चप्पल दिसणार होती. मी पुढे झाले. मेहेर म्हणाले, "इथलाच."

"इथला? कोनाचा?"

नाव सांगितलं असतं तर काय, मेहेर तिथे घरोघर होते. त्यांनी वाकून उजव्या पायातली चप्पल काढली. हातात धरली. आणि पायाच्या अंगठ्याने ओल्या वाळूत एक आडवी रेघ ओढली, तिच्याखाली एक तिरकी, दुसरी, तिसरी.

म्हातारीने वाकून पाहिलं. मग वर न बघताच म्हणाली, "तुज्या आयशीची वलांडी माज्या बाजूला व्हती. ती मेली तवापास्नं ती जागा मी कोनाला दिली नाय. बांबू पन तसेच हायत." आणि तिने त्यांचं मनगट धरलं, बाजारात हरवलेल्या पोराचं धरतात तसं, आणि ओढतच घेऊन गेली.

बांबूवरच्या कोरीव खुणेवरून मेहेर बोट फिरवत होते ते मला लांबून दिसलं. मी तिकडे गेले नाही.

सोमवारी दुपारी त्यांनी डबा उघडला आणि सगळ्या ऑफिसात सुक्या बोंबलाचा वास सुटला. पाटकरसाहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले. "मेहेर, काय हे! खिडकी तरी उघडा."

मेहेर घास चावत राहिले. मी माझी चप्पल काढली, टेबलावर ठेवली, आणि तिचा अंगठा साहेबांकडे केला.